परात, नारळ आणि पाव मैल

नाशिकहून निघताना माझ्या बॅगेत मेतकूट होतं, गोडा मसाला होता, थालिपीठाची भाजणी होती आणि साड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळलेली एक जाड स्टीलची परात होती. परात भाचीनं मागवली होती. भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, दिलीपची, मुलगी ऋजुता. जन्म लंडनचा, नोकरी क्रॉयडनला ट्रामच्या सिग्नलवर. फोनवर म्हणाली, "आत्या, येताना एक मोठा परात आण ना. खूप थिक पाहिजे." मी विरघळलेच. म्हटलं, चला, पोरगी कणीक मळायला लागली! गंगापूर रोडला इतकी वर्षं खानावळ चालवली, पोळ्या लाटून लाटून मनगटं झिजली, पण घरातल्या एकीनंही कधी लाटणं हातात घेतलं नव्हतं. भांड्याच्या दुकानात उभी राहून मी परातीच्या काठावर नावसुद्धा कोरून घेतलं : 'चि. ऋजुतास आत्याकडून सप्रेम'.

विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं परात वर उचलून विचारलं, हे काय? "फॉर चपाती," मी ठणकावून सांगितलं. त्यानं ती परत साडीत नीट गुंडाळून दिली. बिचाऱ्याला मी चक्क थाप मारली होती, पण तेव्हा ते मलाही ठाऊक नव्हतं.

परत आल्यापासून सोसायटीतल्या बायका विचारतायत, राजवाडा बघितलास का, नदीकाठचा तो मोठा पाळणा बघितलास का. बघितलं हो सगळं. त्यांचे फोटो तुम्हाला कुठेही मिळतील. मी सांगणार आहे ते एका शनिवारचं, आणि तिथे कुठलीही टूर कंपनी नेत नाही.

स्टॅनमोर

खरं म्हणजे मी हिंडायला गेलेच नव्हते. दिलीपची बायको वंदना हिचा फोन आला होता. "ताई, तुम्ही या. ते तुमचं ऐकतात." आदल्या वर्षी दिलीपला पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला होता. गॅरेजमध्येच कोसळला. डावा हात बरेच दिवस जड होता, मग हळूहळू सुधारला. डॉक्टर म्हणाले, आता सगळं करा, गाडीसुद्धा चालवा. पण हा पुढच्या खोलीत खिडकीशी बसून असायचा. गाडीला हात नाही, हत्याराला हात नाही.

स्टॅनमोरला मेट्रोची लाइन संपते. तिथून दहा-एक मिनिटं चाललं की एकसारख्या घरांची रांग लागते. घरापुढची बाग फरशी घालून गाड्यांना दिलेली, आणि कडेला कौन्सिलचे रंगीबेरंगी कचऱ्याचे डबे. कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा याचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असतं. आपल्याकडे एकादशी कुणी चुकवेल, पण तिथे निळ्या डब्याचा वार कोणी चुकवत नाही.

आता दिल्याबद्दल सांगते. याला लहानपणापासून एक खोड आहे. दुसऱ्यानं केलेलं काम याला बघवत नाही. मी आकाशकंदिलाला कागद लावायला घेतला की हा खळीची वाटी माझ्या हातून ओढून घ्यायचा. स्वतःच्या लग्नात होमाला बसला तेव्हा भटजींना सांगत होता, समिधा ओल्या आहेत. वंदनानं चहा केला की "आलं उशिरा घातलंस", ऋजुतानं गाडी लावली की "चाक वाकडं राहिलंय". आयुष्यभर या माणसानं मला वैताग दिला आहे.

पोचले त्या दिवशी स्वयंपाक मीच केला. झोप अर्धवट, डोकं भणभणलेलं, आमटीत मीठ घालायचंच विसरले. दिलीपनं भात कालवला, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "छान झालीय आमटी, ताई."

वंदनानं माझ्याकडे बघितलं. मग मी खाऊन बघितली. अगदी पांचट, अळणी. आणि हा छान म्हणतो! वंदना ओट्याशी येऊन हळूच म्हणाली, "बघितलंत? वर्षभर असंच चाललंय. काहीही द्या, छान. मला तर आता त्या शब्दाची भीती वाटते हो." मी मीठ घातलं आणि आमटी परत उकळली.

गॅरेज

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता आली. गळ्यात पडली, परात हातात घेतली, काठावरचं नाव वाचून मला एक पापा दिला आणि मला घेऊन थेट गॅरेजमध्ये गेली. तिथे ठमाबाई उभी होती. ठमाबाई म्हणजे दिलीपची जुनी गाडी. साठ वर्षांची, हिरवी, बुटकी, दोन दारांची. मी, दिल्या आणि ठमाबाई, तिघांत धाकटी तीच. दिल्या हॉस्पिटलच्या देखभाल खात्यात इंजिनियर होता. सुटीच्या दिवशी या गाडीचं इंजिन खोलायचं, घरच्या घरी काहीतरी सुधारणा करायची आणि वर्षातून चार-दोनदा शर्यतीच्या पट्टीवर नेऊन पळवायची, हा त्याचा नाद.

ऋजुतानं बॉनेट उघडलं. आत कार्ब्युरेटरच्या तोंडाशी दोन चकचकीत कर्णे बसवलेले. जवळ जाऊन बघते तर काय, फुलपात्रं! बूड कापून उलटी बसवलेली, आणि एकावर कोरलेलं, 'चि. सौ. कां. वंदना हिस'.

"अगं, ही तर तिच्या लग्नातली!"

"आईला माहीत नाही," ऋजुता कुजबुजली. "तिला वाटते की मूव्हिंगमध्ये हरवला."

मी हसतेय तोवर हिनं पत्र्याची कात्री घेतली आणि माझी कोरी परात चरचर कापायला सुरुवात केली. माझ्या तोंडून किंकाळीच फुटली. "अगं बाई! कणकेची परात ना ती?"

"कणीक कशाला? हीट शील्ड आहे हे, आत्या."

मग तिनं समजावून सांगितलं. या जुन्या गाडीत पेट्रोल आत सोडणारा कार्ब्युरेटर आणि धूर बाहेर नेणारे पाइप एकाच बाजूला, एकमेकांना चिकटून असतात. पाइप तापले की कार्ब्युरेटर तापतो, आतलं पेट्रोल उकळायला लागतं आणि गाडी ऐन वेळी खोकते. मध्ये जाड पत्र्याचा आडोसा पाहिजे. "बाबाचा डिझाइन आहे. त्याने नेहमी म्हणायचा, इंडियन परातसारखा मेटल इथे मिळत नाही. तो करणार होता, आणि मग…" ती थांबली. तिला म्हणायचं होतं ते मला कळलं. नावाचा भाग तिनं मात्र जपून ठेवला होता. 'आत्याकडून सप्रेम' आता कार्ब्युरेटरच्या खाली.

तेवढ्यात दिलीप चहाचा कप घेऊन दारात आला. ऋजुता ड्रिलनं परातीला भोक पाडत होती आणि भोक चांगलं बोटभर सरकलं होतं. मलासुद्धा दिसत होतं! ती मुद्दाम बाजूला झाली, बापाला नीट दिसावं म्हणून. तो बघत उभा राहिला.

"छान," तो म्हणाला आणि आत गेला.

पोरीनं ड्रिल खाली ठेवलं आणि हाताच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले. तोंडाला ग्रीस लागलं ते लागलंच. म्हणाली, "आत्या, सॅटर्डेला रेसला तू येच. तू आलास तर बाबा येईल. मी त्याचा लायसन्स पण घेणार. जस्ट इन केस." वंदना येणार नव्हती. ज्या गाडीशेजारी नवरा कोसळला तिचं तोंड बघायचं नाही, हे तिनं आधीच सांगून टाकलं होतं, आणि मला ते पटलंही.

दिलीपला तयार करायला काहीच कष्ट पडले नाहीत, याचंच मला वाईट वाटलं. "मला एकटीला तिथे काय कळणार, तू चल," म्हटलं. "बरं," म्हणाला.

शुक्रवारी मी एजवेअरला जाऊन गुजराती दुकानातून नारळ, लिंबं आणि चक्का आणला. गाडी शर्यतीला निघाली आणि नारळ नाही, हे माझ्याच्यानं झालं नसतं.

पट्टीवर

ऋजुता चालवत होती, दिलीप शेजारी, आणि मी मागे हत्यारांची पेटी, श्रीखंडाचा बर्फात बसवलेला डबा आणि थालिपिठं यांच्यामध्ये घुसवलेली. मे महिना संपत आलेला. मोटरवेच्या दोन्ही बाजूंना हिरवी शेतं, मध्येच पिवळीधमक फुललेली, जणू कुणी हळदीची पोती उलटी केलीत. ठमाबाई एवढ्या आवाजात चालते की आत बोलायची सोयच नाही. मोठमोठे ट्रक आम्हाला ओलांडून जाताना भोंगा वाजवायचे, आणि ऋजुता हात हलवायची. आपल्याकडे भोंगा म्हणजे भांडण. तिथे जुनी गाडी दिसली की लोक कौतुकानं वाजवतात.

पट्टी म्हणजे युद्धातल्या विमानतळाची जुनी धावपट्टी. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, मधल्या खांबावर पिवळे दिवे लागतात, मग हिरवा, की पाव मैल सरळ सुटायचं. वळण नाही, काही नाही. शेवटी एका खिडकीतून कागदाची चिठ्ठी मिळते, त्यावर वेळ छापलेली. भोवती मात्र थेट जत्रा. फक्त पाळण्यांच्या जागी इंजिनं, आणि भज्यांच्या जागी व्हिनेगर शिंपडलेले चिप्स. कोणीही आपली गाडी घेऊन यावं. मी रुग्णवाहिका बघितली, म्हातारीची छोटी लाल गाडी बघितली आणि एक आइस्क्रीमची व्हॅन बघितली, वर प्लास्टिकचा भलामोठा कोन असलेली.

कचेरीत नावं नोंदवायची होती. ऋजुतानं दिलीपचं लायसन्स पुढे केलं आणि "बाबा, सही" म्हणाली. त्यानं सही केली. कशावर, ते विचारलंसुद्धा नाही. मनगटाला पट्टा बांधून घेतला आणि घडीच्या खुर्चीवर चहा घेऊन बसला.

तपासणीला जाण्याआधी मी पूजा उरकून घेतली. बॉनेटला हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि हातोडीनं नारळ फोडून त्याचं सगळं पाणी गाडीच्या नाकाडावर ओतलं. मन कसं प्रसन्न झालं. ऋजुतानं गाडी दोन पावलं पुढे घेतली, लिंबू चिरडलं आणि ती तपासणीच्या रांगेत गेली.

तपासणी करणारा गृहस्थ पांढऱ्या दाढीचा, केशरी जाकीट घातलेला, भला थोरला. त्यानं गाडीखाली वाकून बघितलं आणि मान हलवली. "लीक आहे, लव्ह. रेडिएटरमधून गळतंय. ट्रॅकवर ओलं सांडलं तर मागचा घसरून मरेल. नाही सोडता येणार."

ऋजुताचा चेहरा पांढराफटक. "इम्पॉसिबल! मी स्वतः चेक केली!" टॉर्च आणली, गाडीखाली शिरली, तर टप टप थेंब पडतायत. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. ते रेडिएटरचं पाणी नव्हतंच. माझा नारळ गळत होता! सांगायला जाते तर इंग्रजी सुचेना. "नो लीक, नो लीक, प्रेयर!" एवढंच येत राहिलं. दाढीवाला मला शांत करू लागला. पोरीची कित्येक आठवड्यांची मेहनत मी नारळापायी घालवली असं वाटून मला रडूच यायला लागलं.

तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दिलीप उठला होता. कप खाली ठेवला, सावकाश आला, एक गुडघा टेकला, मग दुसरा. गाडीखाली हात घालून एक थेंब बोटावर घेतला आणि सरळ जिभेला लावला. दाढीवाला "ओय!" म्हणून ओरडला.

"इट्स कोकोनट," दिलीप म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "ताई! नारळ असा ओततात? गाडीवर? अगं, पुढे जमिनीवर फोडायचा, चार थेंब चाकावर शिंपडायचे. पूर्ण नारळ रिकामा केलास ग्रिलमध्ये! आणि शेंडीपण आधीच काढून टाकलीस!"

वर्षभरात तो एवढं सलग बोलला नसेल. मला तो बोलत होता आणि मला काय वाटत होतं म्हणून सांगू! मी म्हटलं, "हो रे बाबा, चुकलंच माझं," आणि आणखी बोलणी खायला उभी राहिले. ऋजुता गाडीखालून डोकं बाहेर काढून बापाकडे बघतच राहिली होती. दाढीवाल्यानं फडक्यानं सगळं पुसून घेतलं, थोडा वेळ थांबून पुन्हा बघितलं, थेंब नाही म्हटल्यावर पास केलं. खोबऱ्याचा तुकडा दिला तो खाल्ला. मग चिरडलेलं लिंबू उचलून मला म्हणाला, "आणि जिन कुठाय?"

ऋजुताची पहिली पाळी आली तोवर ऊन चांगलंच चढलं होतं. रांगेत उभं राहून ठमाबाई तापली. हिरवा दिवा लागला आणि बाई खोकली, दचकली, मग कशीबशी सुटली. शेजारची छोटी लाल गाडी, तीच म्हातारीची, केव्हाच पुढे निघून गेली. मी आणि दिलीप कुंपणाशी उभे होतो.

"परात वाजतेय," तो पुटपुटला.

"काय?"

"परात. ऐक ना. भोक वाकडं पाडलंय तिनं, पाइपला लागतेय. मध्ये वॉशर घातले असते तर…" आणि मग एकदम, "आणि डबा? डब्यात बर्फ घातला का तिनं?"

डबा म्हणजे त्याचीच आणखी एक करामत. स्टीलच्या गोल डब्यातून पेट्रोलची तांब्याची नळी वेटोळी घालून नेलेली. भोवती बर्फ भरला की पेट्रोल गार होऊन इंजिनात जातं. ऋजुता परत आली तेव्हा हा बॉनेट उघडायला तयारच होता. डबा रिकामा. "बर्फ कुठाय?" म्हणून त्यानं जो आवाज चढवला, की शेजारच्या तंबूतली माणसं वळून बघायला लागली.

बर्फ होता, पण माझ्या श्रीखंडाभोवती. मी बर्फाची पेटी पुढे केली. त्यानं ओंजळीनं बर्फ डब्यात भरला. दोन्ही हातांनी, हं. मग पाना मागितला, परात सैल केली, भोक कानशीनं सरळ केलं, वॉशर घातले, आणि या सगळ्यात लेकीला एकसारखं बोलत होता. ती "सॉरी बाबा, सॉरी बाबा" म्हणत होती आणि हसू दाबत होती.

दुसऱ्या फेरीला गाडी सुंदर सुटली. पण दिलीपचं समाधान कुठलं! कुंपणाशी उभा राहून हातवारे. "आत्ता बदल… आत्ता! अगं किती उशीर! इंजिन ओरडतंय, ऐकू येत नाही का हिला?" ती परत आली तर म्हणाला, "तिसरा गिअर लवकर टाक." ती म्हणाली, "हेल्मेटमध्ये आवाज कळत नाही मला." तो म्हणाला, "कानानं नाही, हातानं कळतं."

मी लहानपणापासून याला ओळखते. माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढं कळतंय तर तूच चालव ना. उगाच पोरीच्या डोक्यावर कशाला बसतोस?"

त्यानं डाव्या हाताकडे बघितलं, मूठ मिटली, उघडली. गिअर डाव्याच हातानं टाकावा लागतो. "नाही जमलं तर?" एवढंच म्हणाला, अगदी हळू. मी म्हटलं, "नाही जमलं तर मी आहे ना नावं ठेवायला. आयुष्यभराची उधारी आहे तुझ्याकडे."

ऋजुतानं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं.

त्याच्या शेजारच्या रांगेत आली ती आइस्क्रीमची व्हॅन. पिवळे दिवे लागले. मी ऋजुताचं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या हातावर वळ उठले. हिरवा लागला. ठमाबाई निघाली, पहिला, दुसरा, आणि तिसऱ्याला करकरकर असा आवाज आला. गिअर पडेना. वरचा कोन डुलवत आइस्क्रीमची व्हॅन पुढे निघून गेली आणि लोकांनी आरोळ्या ठोकल्या. मग पुन्हा इंजिनाचा आवाज भरला आणि ठमाबाई तिच्यामागून गेली.

मला वाटलं, संपलं. आता हा परत खिडकीशी जाऊन बसणार. गाडी येऊन थांबली, त्यानं हेल्मेट काढलं, चेहरा लालबुंद. मी देवाचं नाव घेत होते.

"आइस्क्रीमवाल्यानं हरवलं मला!" तो ओरडला. "ऋजू, बर्फ आण आणखी!"

ऋजुता तिथेच गवतात बसून रडायला लागली. मी रडले ते पेट्रोलच्या धुरावर ढकललं. त्याला आमच्याकडे बघायला वेळ नव्हता. गिअरच्या दांड्यावरची मूठ त्याला गुळगुळीत वाटत होती, म्हणून माझा रुमाल घेऊन तिला बांधला. पुढच्या फेरीला तिसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. आणखी तीन फेऱ्या केल्या त्यानं. व्हॅनवाला पुन्हा भेटलाच नाही, पण निघताना त्यानं आम्हा तिघांना कोन आणून दिले. श्रीखंड तोवर वितळून पातळ झालं होतं. आम्ही ते कागदी कपातून प्यायलो.

परत

घरी येताना किल्ली कोणी मागितली नाही आणि कोणी दिली नाही. तो आपोआप उजव्या बाजूला जाऊन बसला. मोटरवेवर डावी लेन सोडली नाही, सगळे ट्रक पुढे जाऊ दिले. ऋजुता मागे माझ्या शेजारी दाटीवाटीनं बसली होती, चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेऊन. माझ्या रुमालाची गाठ त्याच्या डाव्या हाताखाली होती.

स्टॅनमोरला संध्याकाळी अजून लख्ख उजेड होता. ठमाबाईचा आवाज ऐकून वंदना दारात आली. गाडीचं तोंड बघणार नव्हती ना, तर तिला चालकाच्या जागी नवरा दिसला. पायऱ्या उतरून आली आणि बॉनेटवरच्या हळदकुंकवाला हात लावून नमस्कार केला. मग बॉनेट उघडून आत वाकली आणि म्हणाली, "फुलपात्रं अजून आहेत वाटतं." म्हणजे हिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं!

मी हातपाय धुऊन पोळ्या करायला घेतल्या. परात कार्ब्युरेटरखाली गेल्यामुळे कणीक एका खोलगट भांड्यात मळावी लागली होती, आणि लाटताना काही तंत्र जमेना. वंदना शेजारी भाजत होती. दिलीप हात पुसत स्वयंपाकघरात आला, तव्यापाशी थांबला, माझ्या लाटण्याकडे बघत राहिला. मी वर मान केली नाही.

"ताई," तो म्हणाला, "कडा जाड राहतायत पोळीच्या."

वंदनानं पटकन तोंड फिरवलं. मी लाटणं पुढे केलं आणि म्हटलं, "घे, तूच लाट."